फुलीचं वर्ष

सत्तावीस नंबरच्या काठीवर फुली होती. तिनं गोणपाट सोडलं, हातभर लांबीचा तो तुकडा टेबलावर घेतला, नेहमीप्रमाणे चिठ्ठीवरचा नंबर वहीत उतरवला, आणि करवत लावायला तुकडा फिरवला तर गाठीच्या चार बोटं वर सुरीच्या टोकानं कोरलेली, अंगठ्याएवढी फुली. करवत हातातच राहिली. बाहेर ट्रक मागे घेणाऱ्या कुणाची तरी शिट्टी वाजत होती, पट्ट्यावरून बांबूच्या चिपा पडण्याचा रोजचा आवाज चालू होता, शेजारच्या टेबलावरच्या पंख्यानं मान फिरवून तिच्याकडे बघितलं आणि तो परत गेला. तिला एकदम वाटलं की आपल्याला कुणीतरी घरातल्या नावानं हाक मारली. या खोलीत तिला घरातल्या नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. इथं तिला ओलबाई म्हणत.

हे नाव ट्रकच्या ड्रायव्हरांनी ठेवलेलं. कारखान्यात बांबूचा भुगा करून त्यापासून गाड्यांत घालायचं इंधन काढत, आणि आलेल्या बांबूत ओल किती हे सांगण्याचं काम तिचं. ओल जास्त निघाली की ट्रक आल्या वाटेनं परत. त्यामुळे तिच्या खिडकीशी ड्रायव्हर मंडळी अशी उभी राहत की जणू डॉक्टरच्या दारात पेशंटचे नातेवाईक. एक मिशीवाला ड्रायव्हर तर रोज विचारायचा, ‘ओलबाई, आज मूड कसा आहे?’ आणि ती रोज सांगायची की मूड भट्टीला विचारा. भट्टी म्हणजे तिच्या पाठीमागचं लोखंडी कपाट. चिपांचं वजन करायचं, ताटलीत घालून चार तास भट्टीत ठेवायच्या, परत वजन करायचं. जेवढं वजन उतरलं तेवढं पाणी. यात ना वशिला चालत ना रडणं. अठरा वर्षं ती हे करत होती, आणि मनातून तिला हे काम आवडायचं, कारण माणसांनी काहीही सांगितलं तरी शेवटी खरं काय ते ताटलीत उरायचं.

पण आज तिच्याकडे ट्रकचं नाही, नमुन्यांचं काम होतं. तोड सुरू होण्याआधी दर गावच्या बांबूगटानं एक काठी नमुना म्हणून पाठवायची, असा नियम होता. काठी तीन वर्षांहून जुनी हवी. कोवळ्या काठीत नुसतं पाणी, आणि ती तोडली की बांबूच्या बेटाचं कंबरडं मोडतं, कारण पुढचे कोंब या पोरसवदा काठ्यांच्याच जिवावर उठतात. लोकांनी घाईघाईनं बेटं साफ करू नयेत म्हणून नियम कडक ठेवलेला: नमुना कोवळा निघाला तर गट दोन हंगाम यादीबाहेर. ज्या बैठकीत हे ठरलं त्या बैठकीत मान डोलावणाऱ्यांत तीही होती. नमुन्यावर गावाचं नाव नसे, फक्त नंबर, म्हणजे तपासणाऱ्याचा हात कुठं झुकायला नको. सत्तावीस नंबर कुठल्या गावाचा हे तिला कळायचं काही कारण नव्हतं. पण फुलीनं सांगितलं.

तिचे वडील, नाना, गावचे खुणेकरी. कुणी नेमलेले नव्हते, पण पाऊस उघडला की लोक त्यांना बोलावून नेत आणि ते कमरेची सुरी काढून त्या वर्षी उठलेल्या नव्या काठ्यांवर खूण करत. खुणा चारच. एका वर्षी एक रेघ, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी तीन, चौथ्या वर्षी फुली, आणि पाचव्या वर्षी पुन्हा एक रेघ. जी खूण करायचं वर्ष येईल ती खूण असलेल्या जुन्या काठ्या आधी तोडायच्या, आणि मग तीच खूण नव्या काठ्यांना द्यायची. म्हणजे बेटात कधी घोटाळा नाही, आणि चार वर्षांची झाल्याशिवाय एकाही काठीला हात नाही. शाळेत जायच्या वयात ती त्यांच्यामागे हिंडायची, आणि नाना दोन बेटांच्या मधल्या सावलीत बसून तिला सांगायचे, ‘खूण घाईच्या माणसासाठी असते. ज्याला वेळ आहे त्यानं वाजवून बघावं.’ मग कोयत्याची पाठ काठीवर आपटून कान लावायला सांगायचे. कोवळी काठी ठप्प बोलते, जून काठी कणकण. ती खोटंच ‘जून, जून’ म्हणायची आणि ते खोटंच रागवायचे.

नानांना जाऊन चार वर्षं झाली. जायच्या आधी दोनच महिने त्यांनी शेवटच्या खुणा केल्या, आणि ते वर्ष फुलीचं होतं. म्हणजे ही काठी त्यांच्या हातची. इतक्या लांबून, गोणपाटात गुंडाळून, त्यांच्या हातची रेघ तिच्या टेबलावर यावी, आणि ती काठी आज चार वर्षांची, तोडीला आलेली असावी, याचं तिला इतकं बरं वाटलं की तिनं शेजारच्या टेबलाकडे पाठ केली. तिथं बसणारा तिचा सहकारी वर्षानुवर्षं स्वतःच्या चष्म्याबाहेर बघत नसे, पण तरी. फुलीचा तुकडा तिनं वेगळा कापून खणात ठेवला आणि उरलेल्याच्या चिपा केल्या.

करवत सहज गेली. जरा जास्तच सहज. जून बांबू कापताना करवत किरकिरते, दात अडतात, भुसा भुर्रकन उडतो. हा भुसा दातांना चिकटून राहिला. तिनं तो बोटानं निपटला, बोटं एकमेकांवर घासली आणि परकराला पुसावं तसं हात कोटाला पुसले. सकाळचे नऊ वाजले होते. ताटली भट्टीत गेली. दहा वाजता वजन केलं तेव्हा काटा जेवढा उतरायला नको तेवढा उतरला होता. भट्टीचं दार उघडताना जो वास आला तो तिच्या ओळखीचा होता, ओल्या कपड्यावर इस्त्री फिरवल्यावर येतो तसा, गोडसर आणि कोंदट. कोवळ्या बांबूचा वास. तिनं दार लावलं आणि वहीत आकडा नीट लिहिला.

पहिल्यांदा तिला राग आला, आणि तो गावाचा आला. या गटासाठी काय कमी केलं होतं? बत्तीस घरं. आधी ज्याच्या त्याच्या बेटातला बांबू व्यापारी येईल त्या भावानं जायचा, नाहीतर उभ्याउभ्या वाळायचा. मग गावानं मिळून एक वखार उभी केली. सरळसोट बुंध्याचा भाग बायकांच्या शेडमध्ये, कामट्या, चटया, शिड्यांसाठी. शेंडे, फांद्या, वाकडं-तिकडं सगळं कारखान्याला, इंधनासाठी. काहीच फुकट नाही. शहरात परक्या इमारतींवर घमेली वाहत आयुष्य काढणारी चार-पाच घरं या वखारीच्या भरवशावर परत आली होती. आणि आता घाई? कोवळ्या काठ्या? उद्या यादीतून नाव गेलं की वखारीला कुलूप, आणि ते कुलूप लावणारी सही कुणाची, तर तिचीच. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं नाना दुसऱ्या कुणाला तरी म्हणायचे, ते तिला आठवलं आणि त्या म्हणीत आपण इतक्या चपखल बसतो याचंच तिला हसू आलं. पण हसू टिकलं नाही. कारण फुली होती. फुलीची काठी कोवळी असूच शकत नव्हती, आणि भट्टी खोटं बोलत नव्हती.

तिनं जिन्यात जाऊन काकूला फोन लावला. काकू म्हणजे नानांच्या धाकट्या भावाची बायको, गटाची प्रमुख, बोलायला लागली की समोरच्यानं बसून घ्यावं अशी.

‘नमुना कुणाच्या बेटातला गं, काकू?’

‘कुणाच्या म्हणजे? तुमच्याच. पहिली काठी खुणेकऱ्याच्या बेटातली, तसं ठरलंच आहे आमचं. का, तुझ्याकडं आली? अगं मग झालंच की काम.’

‘वाजवून बघितली होती?’

काकू हळू आवाजात म्हणाली, ‘तुमच्या बेटात वाजवून बघायची? आणि तुझ्या आईच्या समोर? फुली होती, तोडली. पोरांनी कोयता उलटा धरला होता, मीच म्हटलं, ठेवा खाली, हे घर काय आहे माहीत आहे ना. काय झालं?’

‘काही नाही. संध्याकाळी सांगते. आणखी किती तोडल्यात?’

‘ही एकच. आता तुझा कागद आला की रविवारी सगळ्या फुल्या काढतो. बेट भरलंय नुसतं फुल्यांनी.’

भरलंय नुसतं फुल्यांनी. ती जिन्यातच बसली. खालून कुणीतरी चहाचे पेले घेऊन वर येत होतं, तिनं पाय आवरून वाट दिली. गेल्या वर्षी ती दोन दिवसांसाठी घरी गेली होती, मोजून दोन, आणि परतीच्या गाडीच्या आधी मागच्या बेटाशी जाऊन उभी राहिली होती. तिथं फुल्याच फुल्या. नाना, तुम्ही अजून इथं आहात की, असं ती मनात म्हणाली होती आणि तिचे डोळे भरून आले होते. नवऱ्याला तिनं गाडीत सांगितलंही होतं, बेटात अजून नानांच्या खुणा आहेत म्हणून. अठरा वर्षं मोजमापाचं खात असलेल्या बाईला तेव्हा एवढं मोजता आलं नव्हतं, की एका वर्षात बेटात उठून उठून किती काठ्या उठतील. आणि एक रेघ कुठं होती? दोन रेघा, तीन रेघा? डोळे पुसायच्या नादात तिनं बेटाकडे बघितलंच नव्हतं.

खणातला फुलीचा तुकडा तिनं परत बाहेर काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. चार वर्षांची खूण कडेनं करडी पडते, वर खरखरीत पापुद्रा धरते. हिच्या कडा अजून तांबूस होत्या. आणि नानांची फुली तिनं डोळे मिटून ओळखली असती. त्यांची मोठी रेघ उजवीकडून खाली डावीकडे यायची, वर खोल आणि खाली येता येता हलकी, कारण काम संपवून पुढच्या काठीकडे जायची त्यांना घाई. इथं मोठी रेघ डावीकडून येत होती. सगळीकडे सारखीच खोल, सावकाश, शेवटापर्यंत नेलेली. घरात डावरं माणूस एकच होतं. लहानपणी त्या डाव्या हाताच्या चापट्या तिला चुकवता यायच्या नाहीत, कारण त्या नेहमी भलत्याच बाजूनं यायच्या.

नाना गेले तेव्हा आई फारशी रडली नव्हती. आलेल्यागेलेल्यांना पाणी देत होती, कुणाची चप्पल कुठं आहे ते सांगत होती. चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं एकदम विचारलं होतं, ‘त्यांची सुरी कुठं आहे?’ आणि खुंटीवरची सुरी काढून आपल्या उशाखाली ठेवली होती. त्यावर लेकीनं काहीबाही अर्थ लावून घेतला होता, सुरी बाजूला ठेवावी का, आईला एकटं सोडावं का. पुढच्या वर्षी आई फोनवर म्हणाली होती, ‘आपल्या बेटातल्या खुणा मीच केल्या हो यंदा, बाकीचे आपापल्या करतात. काही अवघड नाही.’ आणि ती म्हणाली होती, ‘वा, आई.’ एवढंच. भांडी घासताना, फोन खांद्याला लावून. वा, आई. कुठली खूण केली, असं विचारायला किती वेळ लागला असता?

म्हणजे चार वर्षांत आईनं एकच खूण केली होती. जे वर्ष नानांनी लिहिलं तेच आई लिहीत राहिली होती. आणि गावानं, बेअदबी नको म्हणून, त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता. परवा रविवारी ते येतील आणि फुलीची प्रत्येक काठी तोडतील, चार वर्षांची, तीन वर्षांची, दोन वर्षांची, एका वर्षाची, आणि संध्याकाळी घरामागं मोकळं आभाळ दिसेल. आई दारात उभी राहून बघेल. तिला वाटेल, तोडायच्याच होत्या.

अकरा वाजता तिनं तिसऱ्यांदा वजन केलं. उतार बेचाळीस टक्के. काठी पास व्हायची मर्यादा पंचेचाळीस. अजून दोन तास बाकी होते आणि त्या दोन तासांत ती मर्यादा ओलांडणार हे सांगायला भट्टीची गरज नव्हती. पण आत्ता, या घटकेला, ताटलीत एक आकडा होता आणि तो खरा होता. ताटली आत ठेवायची नाही, एवढंच. काही खोटं लिहायचं नाही, फक्त थांबायचं. बत्तीस घरं यादीत राहतील. काकूचा कागद जाईल. आईची चूक झाकली मूठ राहील, आणि रविवारच्या आत फोन करून काकूला सांगता येईल की आमचं बेट यंदा राहू दे. ताटली चिमट्यात होती आणि चिमट्याची ऊब हातमोज्यातून तिच्या तळव्याला लागत होती. शेजारचा सहकारी चष्म्यातून आपल्याच काट्याकडे बघत होता. कुणी विचारणार नव्हतं. अठरा वर्षांत कुणी कधी विचारलं नव्हतं, कारण तिनं विचारायची वेळ येऊ दिली नव्हती.

त्या अर्ध्या मिनिटात तिच्या मनात नाना आले नाहीत, नियम आला नाही, नोकरीही आली नाही. आई आली. सुरी घेऊन बेटात एकटी उभी असलेली, डाव्या हातानं सावकाश रेघ शेवटापर्यंत नेणारी. या बाईला आपण आता आणखी एका आकड्यात गुंडाळून ठेवणार? चार वर्षं तिचं सगळं पासच करत आलो, ‘बरी आहेस ना, बरं’ असं. तिनं ताटली आत सरकवली आणि दार लावलं. मग खुर्ची ओढून भट्टीसमोर बसली, दोन तास, कुणा आजाऱ्याच्या उशाशी बसावं तशी. एक वाजता काटा अठ्ठावन्नवर थांबला. वहीत तिनं लिहिलं: सत्तावीस, ओल अठ्ठावन्न, कोवळा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. तो आजवर कुणी भरलेला नव्हता. तिथं तिनं लिहिलं की खुणा चुकल्या आहेत, गटानं घाई केलेली नाही, आणि वही घेऊन साहेबांकडे गेली.

साहेब रसायनातले. माणसांशी बोलताना ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत. सगळं ऐकून त्यांनी ती तीनदा सरळ केली.

‘म्हणजे हे तुमचं गाव.’

‘हो. आणि आमचंच बेट.’

‘आपण नंबर टाकून एवढी काळजी घेतो आणि काठीवरच पत्ता.’

‘पत्ता नाही साहेब, वर्ष आहे. तेही चुकलेलं.’

ते जरासे हसले. मग म्हणाले, ‘नियमात एक सोय आहे. आठ दिवसांत दुसरा नमुना पाठवता येतो. पण नमुन्याचं बेट वाजवून, वय लावून घेतलं आहे अशी गटाच्या खुणेकऱ्याची सही हवी. कोण आहे तुमच्याकडे?’

‘चार वर्षं कुणी नाही.’

‘मग?’

‘मी करते सही.’

‘तुम्हाला येतं?’

हे ते सहज, खरंच माहीत नसल्यासारखं विचारत होते. अठरा वर्षं तिनं काठीला कान लावला नव्हता. ‘यायचं,’ ती म्हणाली. साहेबांनी पेन्सिल पुन्हा एकदा सरळ केली आणि सांगितलं की मग तो दुसरा नमुना तुम्ही तपासायचा नाही, शेजारच्या टेबलावर जाईल. ती हो म्हणाली. ती दारातून बाहेर पडली तेव्हा मिशीवाल्या ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, ‘ओलबाई, कुणाचा ट्रक परत?’ तर ती म्हणाली, ‘माझाच.’

संध्याकाळी काकूला सगळं सांगितलं. काकू म्हणाली, ‘आपण तिला विचारायला पाहिजे होतं गं. शेजारी राहून मी काय केलं?’ त्यानंतर आईला फोन. रविवारी येते, एवढं सांगायचं होतं. आईनं पाण्याच्या टाकीचा नळ गळतो ते सांगितलं, गुडघा आता जिन्याला नाही म्हणतो ते सांगितलं, आणि मग म्हणाली, ‘अशी मधेच कशी येतेस? काही झालंय का?’

‘खुणा करायच्यात ना यंदाच्या. म्हटलं, मी पण येते.’

‘ये की,’ आई म्हणाली. ‘सुरीला धार लावून ठेवते.’

रविवारी बेटाशी काकू होती, तिघं-चौघं तोडणारे होते, हात बांधून, कार्यक्रमाला आल्यासारखे. आईला काकूनं आधीच सांगितलं होतं, कसं कुणास ठाऊक, पण सांगितलं होतं, कारण आई कुणाच्या डोळ्यांकडे बघत नव्हती आणि सुरी पदरात धरून उभी होती. लेकीनं कोयता उलटा घेतला. पहिली काठी वाजवली, कान लावला. काही नाही. नुसता लाकडाचा आवाज. दुसरी वाजवली, तोच. तिच्या कानशिलावर घाम आला. मागं कुणीतरी खाकरलं. तिनं डोळे मिटले, कान पुन्हा काठीला लावला, गारठा गालाला लागला, आणि त्या गारठ्यासरशी तिला ऐकू आलं, आवाज संपल्यावर काठीत जे उरतं ते. ठप्प झालं की लगेच मिटणारं, किंवा कणकण करत वर शेंड्यापर्यंत जाणारं. ‘कोवळी,’ ती म्हणाली. ‘ही दोन वर्षांची. ही पण. ही तीन.’ नंतर ती थांबली नाही. प्रत्येक काठीला वयाप्रमाणे सुतळीच्या गाठी बांधत ती बेटाला फेरी घालून आली तेव्हा दुपार कलली होती. खरोखर चार वर्षांच्या, नानांच्या हातच्या, अकरा निघाल्या.

नमुना त्यांतलाच पाठवायचा होता. तोडणाऱ्यानं कोयता उचलला आणि आईकडे बघितलं. आई पुढं आली, अकराही काठ्यांवरून हात फिरवला आणि एकीपाशी थांबली. ‘ही घ्या. हिची फुली वाकडी आहे. त्यांचा पाय घसरला होता तेव्हा, आणि मलाच म्हणाले, मधे का उभी राहतेस.’ काठी पडताना बाजूच्या काठ्यांची पानं बराच वेळ हलत राहिली. बुधवारी शेजारच्या टेबलावर ती एकोणचाळीस टक्क्यांनी पास होणार होती, चष्म्याबाहेर न बघणारा सहकारी वहीतून मान वर न करता ‘उत्तम काठी’ म्हणणार होता, आणि गट यादीत राहणार होता. पण त्या दुपारी हे कुणाला माहीत नव्हतं. सगळे वखारीकडे गेले आणि बेटात दोघी उरल्या.

चुकलेल्या फुल्या पुसता येत नाहीत. तेव्हा असं ठरलं की फुलीच्या खाली खरं वर्ष कोरायचं. ज्या काठीला तीन गाठी ती तीन वर्षांची, म्हणजे नाना गेल्यानंतरच्या पहिल्या वर्षाची, तिला एक रेघ. लेकीनं काठी दाखवली. ‘एक रेघ, आई.’

आईनं सुरी टेकवली आणि तशीच उभी राहिली.

‘काय झालं?’

‘मला काय खुणा येत नव्हत्या असं वाटलं का तुला?’ आई म्हणाली. ‘चाळीस वर्षं त्यांच्यामागं हिंडले. त्या वर्षी एक रेघ करायची, मला पक्कं माहीत होतं. केलीसुद्धा. हीच काठी असेल, नाहीतर हिच्या शेजारची. रेघ काढली, मागं सरकून बघितलं, तर एवढ्या उंच काठीवर ती एकटीच दिसायला लागली. मला बघवेना. म्हणून तिच्यावरून दुसरी काढली. मग बरं दिसलं.’ मग ती म्हणाली, ‘पुढच्या वर्षी हाताला सवयच झाली. गावाचं नुकसान होईल असं मनात नाही आलं गं माझ्या.’

लेकीनं आईच्या सुरी धरलेल्या हातावर आपला हात ठेवला. हात गार होता आणि हाडं आधीपेक्षा जास्त लागत होती. किती तरी दिवसांत तिनं हा हात धरला नव्हता. आईनं तो सोडवून घेतला नाही, पण काठीकडे बघत राहिली, आणि थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, ‘आता चालेल. वर फुली आहे ना.’ मग फुलीच्या खाली, डावीकडून, सावकाश, तिनं एक रेघ शेवटापर्यंत नेली. मागं सरकून बघितलं आणि पुढच्या काठीकडे गेली.

त्या दोघींनी सगळ्या जुन्या काठ्या उरकल्या तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. राहिल्या यंदाच्या नव्या, अंगावर अजून पांढरी पावडर असलेल्या. चार वर्षं फिरून पुन्हा फुलीवर आली होती, त्यामुळे त्यांना फुलीच द्यायची होती आणि ती आता अगदी बरोबर होती. आईनं त्या भराभर केल्या, एकदाही न थांबता. शेवटची करून सुरी पदराला पुसली आणि म्हणाली, ‘पुढच्या वर्षी मात्र एकच रेघ. वर काही नसणार.’

‘पुढच्या वर्षी मी येते.’

‘सुट्टी मिळेल?’

‘घेईन.’

‘ये मग,’ आई म्हणाली. ‘रेघ मी काढीन. तू नुसती काठी धरून उभी राहा.’